तिमणचा वकील

पुस्तकात खूण म्हणून तणसाची काडी ठेवणारा एकच सभासद मला आजवर भेटला, आणि त्याच्याशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं. धानाचा पेंढा, त्याला आमच्याकडे तणस म्हणतात. त्याची बोटभर काडी, तीही ओलसर, आणि पानावर हा पिवळा डाग! मी जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील भोंग्यावर उठायचे आणि भोंग्यावर जेवायचे, त्यामुळे बेशिस्त दिसली की माझं डोकंच फिरतं. लाखांदूरच्या या लहानशा वाचनालयात ग्रंथपाल म्हणून आले तेव्हापासून माझ्या आवाजाला लोक टरकून असतात. डोमाजी टरकले नाहीत.

"काडी ठेवली तं काय झालं बाई?" ते म्हणाले. "पान तं मोडलं नाई ना? तुमचे मास्तर लोक पानाचा कान मोडतेत, त्यायले काहून नाई बोलत तुम्ही?"

खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

वय सत्तरीच्या आसपास. बुटके, काळे, ऊन असो नसो काखेत छत्री. पायजमा कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेला, जसं काही वाचनालयातही पाणी साचलंय. साडेदहाच्या एसटीनं यायचे, तीनच्या एसटीनं परत. वाचताना ओठ हलायचे, बोट ओळीवरून सरकायचं. आणि राग आला की उभे राहायचे. त्यांना बसून रागावताच येत नसे. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला की मी ओळखायची, पुस्तकात कोणीतरी गाढवपणा केलाय.

वाचायचे एकच. 'वज्रसराची गाथा'. पाच भागांची अद्भुत कादंबरी, तेव्हा चार भाग निघाले होते. तलवारी, राजकन्या, शाप, पाण्यात राहणारा जलव्याळ नावाचा सर्प, सगळा मसाला. हे पुस्तक कॉलेजातली पोरं नेत. या म्हाताऱ्याला ते कसं सापडलं? तर पहिल्या भागाच्या सुरुवातीला त्या देशाचा नकाशा आहे. डोमाजींनी आधी तो नकाशा पाहिला आणि खुर्ची सरकली.

"हा नकाशा कोनं काहाडला? नदी चढावर चढून राहिली!"

"काकाजी, कल्पनेतला देश आहे तो."

"देश कल्पनेतला राहू द्या. पानी तं खरं हाये ना? पान्याले विचारा, ते चढते का म्हना."

'पान्याले विचारा' हे त्यांचं पेटंट वाक्य. कोणी काहीही सांगो, तालुक्याच्या नव्या रस्त्याबद्दल सांगो की माझ्या गुडघेदुखीबद्दल, हे म्हणणार, "पान्याले विचारा." रस्त्याचं त्यांनी बरोबर सांगितलं होतं, पहिल्याच पावसाळ्यात खचला.

गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वज्रसर हा डोंगरावरचा प्रचंड तलाव. त्याच्या खाली तळनगरी. दुसऱ्या भागात तलावाचा बांध फुटतो आणि नगरी बुडते. आळ येतो तिमण नावाच्या पहारेकऱ्यावर, जो तलावाचं पाणी सोडायचं काम करतो. तिमण परागंदा होतो. तो खरंच गद्दार होता की नाही, हे लेखकानं चौथ्या भागापर्यंत लोंबकळत ठेवलं होतं आणि महाराष्ट्रभरचे वाचक त्यावर डोकं फोडत होते.

डोमाजींना राजकन्या नको होती, सर्प नको होता. "ते तुमच्यासाठी," म्हणायचे. त्यांना फक्त तिमण हवा होता. दुसऱ्या भागातलं एक पान त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. वज्रसराचं पाणी सोडायला दगडी पायऱ्यांची रचना असते, पायरीपायरीला भोक, भोकाला लाकडी गट्टा, म्हणजे बूच. असे सात गट्टे. तलाव भरलेला असला की वरचा गट्टा काढायचा, पाणी उतरलं की त्याखालचा.

"हे तं तुडुम हाये, बाई! आपल्या जुन्या तलावायचं तुडुम! म्या तीस वर्स हेच गट्टे काहाडले." टेबलावर अशी थाप मारली की माझा शिक्का खाली पडला. "हा लेखक आपल्याकडचाच माणूस हाये. त्याले सगळं समजते. तो तिमनले सोडवते पाहा."

आणि मग त्यांनी तिमणचा खटला माझ्यापुढे मांडला. बांध फुटल्यावर सकाळी काय सापडतं? वरचे सहा गट्टे जागच्या जागी आणि सगळ्यात खालचा काढलेला. म्हणून म्हणे तिमणनं पाणी सोडलं. "आता सांगा बाई, तलाव काठोकाठ. खालच्या गट्ट्यावर तीन पुरुस पानी. कोनता मायचा लाल बुडी मारून तो गट्टा ओढन? हत्ती लावला तरी नाई निघत. म्हंजे तो गट्टा तलाव रिकामा झाल्यावर काहाडला कोनीतरी. तिमनवर टाकासाठी!"

तीन पुरुस म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल. मी थक्क झाले. पुण्यामुंबईची एवढी पोरं रात्रंदिवस तर्क लढवतात, कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

डोमाजींना तिमणचा एवढा पुळका का, ते मला त्याच महिन्यात कळलं. त्यांच्या गावचा एक माणूस दाखल्याच्या कामानं तहसीलला आला होता, पेपर चाळायला आत शिरला. डोमाजींना पाहून हसला आणि मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, याले कायले पुस्तक देता? हा तलावफोड्या होय आमच्या गावचा!"

डोमाजींनी मान वर केली नाही. बोट ओळीवर तसंच राहिलं, पण पुढे सरकेना. मी त्या माणसाला बाहेर काढला. "इथं शांतता पाळा," असं जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं ओरडून काढला.

मग तीनच्या एसटीपर्यंत ते सांगत होते. गावचा तलाव, हे त्याचे चौकीदार. तलाव भरून जास्तीचं पाणी जिथून आपोआप वाहून जातं, त्या सांडव्याला तिकडे सलंग म्हणतात. मासेमारी गावातल्या एका वजनदार माणसाकडे होती. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्यानं सलंगवर बांबू रोवून जाळी बांधून घेतली. जाळीत काडीकचरा अडकला, लाकडं अडकली, सलंग चोंदली. पाणी जाणार कुठे? सलंगजवळची पार, म्हणजे बांध, पहाटे फुटली. उभा धान गेला, दोन घरं गेली, सुदैवानं माणूस नाही गेला. आणि सकाळी गावभर एकच झालं, डोमानं आपल्या वावरात पाणी न्यायला तुडुमाशी काहीतरी केलं म्हणून तलाव फुटला.

"तुडुम या टोकाले, पार फुटली त्या टोकाले. आंधळ्याले बी समजन. पन जाळी कोनी पाह्यलीच नाई म्हने! पानी उतरेपर्यंत जाळी गायब."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगतलं. आदल्या दिवशी बी सांगतलं होतं का जाळी काहाडा. म्हने उद्या काहाडू. म्याच काहाडाले पाह्यजे होती ना, बाई. कोयता होता हाती. मोठ्या मानसाची जाळी, म्हनून म्या हात नाई लावला." एवढं बोलून ते उभे राहिले. हा राग कोणावर होता ते विचारायची गरज नव्हती.

चौकीदारी गेली. ती गेली ती गेली, पण नाव चिकटलं. वीस वर्षं. पोरीच्या लग्नात तलावफोड्याची पोरगी, दुकानात तलावफोड्याची उधारी. गावानं त्यांना वाळीत टाकलं नाही, जेवायला बोलावलं, मयतीला बोलावलं. फक्त ज्या नावानं बोलावलं ते कधी बदललं नाही. असल्या गोड लोकांची मला चीड येते.

आता माझी चूक सांगते. वज्रसराच्या वाचकांचा एक व्हॉट्सॲप गट होता, मी त्यात होते. मी डोमाजींना त्यात घातलं. वाटलं, एवढा भारी तर्क आहे, लोकांना कळू दे. गटात रोज चाललेलं असायचं: तिमण म्हणजे महाराणीचा सावत्र भाऊ, तिमण म्हणजे स्वतःच जलव्याळ, चौथ्या भागातला पांढरा बगळा म्हणजे तिमण. या सगळ्यांत डोमाजींनी आपल्या बोलीत चार मिनिटांचा आवाज टाकला. तुडुम, गट्टे, तीन पुरुस पाणी.

गटाचा म्होरक्या ओजस नावाचा पुण्याचा पोरगा, त्याचं स्वतःचं चॅनेल होतं. त्यानं उत्तर दिलं, "काका, तुमची भाषा इतकी क्यूट आहे ना!" आणि दुसऱ्या दिवशी त्या आवाजाला माकडउड्यांचं संगीत लावून व्हिडिओ केला. लोक हसून हसून मेले. मेले असते तर बरं झालं असतं! मी त्याला जे लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं मला गटातून काढलं. आणि महिन्याभरात त्याच दीडशहाण्यानं नवा व्हिडिओ टाकला, 'तिमण निर्दोष आहे'. तोच गट्टा, तेच तीन पुरुष पाणी, फक्त भाषा इस्त्री केलेली. डोमाजींचं नाव? कुठेच नाही. खाली लोकांचा पाऊस, काय अभ्यास, काय बुद्धी.

मी फोन घेऊन तणतणत डोमाजींकडे गेले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि चेहरा उजळला.

"चांगलं सांगून राहिला पोट्टा. बरोबर सांगते."

"अहो काकाजी, तुमचं चोरलं त्यानं!"

"चोरू दे ना बाई. तिमन सुटला पाह्यजे, बस."

मी माझ्या टेबलावर जाऊन उगाच रजिस्टरं आपटली.

पाचवा भाग यायच्या आधी प्रकाशकानं लेखकाशी ऑनलाइन गप्पांचा कार्यक्रम ठेवला. मी वाचनालयाचा संगणक लावला. डोमाजी धुतलेला सदरा घालून, पायजमा आयुष्यात पहिल्यांदा खाली सोडून बसले. आमचा नंबर आला. ते उभे राहिले, हात जोडले. "साहेब, तुम्ही तुडुम बरोबर लिवलं. तुमचं गाव कोनतं? आमच्याकडचं हाये का?"

लेखक हसले. वाईट माणूस नाही, चांगलं हसले. म्हणाले, "नाही हो काका, मी कधी तलावही नीट पाहिलेला नाही. इंटरनेटवर एका जुन्या तलावाचा फोटो दिसला, छान वाटला, टाकला. इतका खोल विचार नव्हता केला."

"मंग तिमन?"

"ते पाचव्या भागात!" पडद्यावरचे सगळे हसले आणि पुढचा प्रश्न आला.

डोमाजी पडद्याकडे पाहत उभेच होते. म्हणाले, "फोटो पाह्यला तरी समजलं असन त्याले. शहाना मानूस हाये." माणसाचा विश्वास इतका चिवट असू नये.

पाचवा भाग आला. पहिली प्रत मी त्यांच्यासाठी राखून ठेवली, कॉलेजातल्या पोरांच्या शिव्या खाल्ल्या. तीन दिवस साडेदहा ते तीन वाचत होते. तिसऱ्या दिवशी खुर्ची सरकली नाही, उलटी पडली.

तिमण गद्दारच निघाला होता. महाराणीनं कधीतरी त्याच्या बापाचा अपमान केला होता म्हणून सूड. भरलेल्या तलावात उतरून त्यानं सगळ्यात खालचा गट्टा, लेखकाच्या शब्दांत, 'एका हाताने उपटून फेकला'.

"एका हातानं?" डोमाजी ओरडले. "एका हातानं, बाई? तीन पुरुस पान्याखालून? अरे, कधी कोनी गट्टा ओढून पाह्यला का लेकाचे हो! कोनालेही गुन्हेगार करासाठी पानी खोटं करता?"

आणि मी, मूर्ख बाई, म्हणाले, "जाऊ द्या काकाजी, गोष्टच आहे शेवटी." हे वाक्य मी परत घ्यायला काय वाटेल ते देईन. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या क्षणी मीही गावातलीच एक झाले. छत्रीबरोबर ते पुस्तकही तसंच उचललं आणि तीनची एसटी यायची वाट न पाहता रस्त्यानं चालत निघाले.

आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी दारात उभे. "बाई, परवा आमच्याकडे ग्रामसभा हाये. दुसरा भाग घेऊन या. तुम्ही सोता या."

"मी कशाला?"

"पुस्तकावर तुमचा शिक्का हाये ना गोल? शिक्क्याचा कागद असला म्हंजे मानतेत. अन् शिक्का मारनारी बाई हजर असली तं कोनी खोटं नाई म्हनू शकत."

मी त्यांना समजावणार होते की वाचनालयाच्या शिक्क्यानं पुस्तक फक्त वाचनालयाचं होतं, पुरावा होत नाही. पण गेल्या वेळी समजावलं होतं तेच पुरे झालं होतं. मी रजा टाकली आणि गेले.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सभा. नळयोजना झाली, घरकुलाची यादी लोक थांबावेत म्हणून शेवटाला ठेवलेली. ऐनवेळच्या विषयात डोमाजी उभे राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा. दुसरा भाग उघडला, तणसाची काडी काढून खिशात ठेवली आणि बोट फिरवत सात गट्ट्यांचं पान वाचायला लागले. आधी कोणाला काही कळेना. मग 'महाराणी' शब्द आला आणि हशा पिकला.

सरपंच म्हणाले, "काकाजी, हे गोष्टीचं पुस्तक होय. सभेत कायले वाचून राहिले?"

"शिक्का हाये त्याच्यावर," डोमाजी म्हणाले. "ते पाहा, बाई बी आल्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हशा. मी उठले आणि म्हणाले, "हो, शिक्का माझा आहे. आणि पान बरोबर आहे. ऐकून घ्या!" हा माझा त्या दिवसाचा सगळा पराक्रम.

डोमाजींनी पान संपवलं. पुस्तक मिटलं. "तुडुमाचा खालचा गट्टा भरल्या तलावात निंघत नाई. अन् तलाव तुडुमापाशी फुटलाच नाई. सलंगपाशी फुटला. सलंगले जाळी होती. म्या पाह्यली होती, म्या काहाडली नाई, हा माहा गुन्हा. पन तलाव म्या नाई फोडला. पान्याले विचारा."

ज्याची जाळी होती तो माणूस मरून गेला होता, त्याचा मुलगा पहिल्या रांगेत मोबाइल पाहत होता. सरपंचांनी घसा खाकरला, पुढचा विषय, असं म्हणायच्या बेतात. तेवढ्यात बायकांमध्ये मागे बसलेली एक म्हातारी हातावर जोर देत उठली. पार्वताबाई. नवरा मासेमारीच्या कामावर होता तिचा.

"होती जाळी," ती म्हणाली. "माह्या बुढ्यानंच बांधली होती. फुटली त्या सकाळी त्यानंच कापून आनली. इतके वर्स आमच्या कोठ्यात होती, म्या मागल्या साली चुलीत घातली." एवढं बोलून खाली बसली.

यावर गावानं काय करावं? माफी मागावी, निदान एखाद्यानं उठून त्या माणसाचा हात धरावा? सरपंच म्हणाले, "बरं, झालं ते झालं. घरकुलाची यादी घ्या." लोक यादी ऐकायला लागले. वीस वर्षं एका माणसाला नाव ठेवलं आणि ते पुसायला यांना दोन मिनिटं काढता आली नाहीत! परतीच्या एसटीत मी एकटीच धुमसत होते. डोमाजी मला बसवून द्यायला आले होते, त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, त्याचाही मला राग आला.

त्यानंतर ते एकदाच आले. त्याच हिवाळ्यात झोपेत गेले, मला आठ दिवसांनी कळलं. पण त्या दिवशी साडेदहाच्या एसटीनं आले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, पाचवा भाग घेऊन. तो परत करायचा राहिला होता. मी म्हटलं, "नवीन काय देऊ?" म्हणाले, "आता काही नोको." आणि कोपऱ्यातली अभिप्रायाची वही मागितली. त्या वहीत लोक 'छान पुस्तक', 'सुविधा चांगली' असं लिहून जातात, मी कधी उघडून पाहत नाही.

उभ्यानंच लिहिलं. बराच वेळ लागला. मग वही माझ्यासमोर फिरवून ठेवली. मोठ्या, वेगळ्या वेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'पाचव्या भागात लेखक चुकला. तिमननं तलाव फोडला नाही. साक्षीदार आहे.'

"बाई," ते म्हणाले, "शिक्का मारा."

अभिप्रायावर शिक्का मारत नाहीत. मी दोनदा मारला.